बारा वाजता सगळेच दत्त

कलबुर्गीत राहण्याचे तोटे दोन. एक उन्हाळा आणि दुसरं गाणगापूर. उन्हाळा निदान जूनमध्ये संपतो.

गाणगापूर आमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर. जिल्हा आमचाच, तालुका अफझलपूर. भीमा आणि अमरजा तिथं एकमेकींना भेटतात, आणि पंधराव्या शतकात दत्ताचे अवतार मानले जाणारे श्रीनृसिंहसरस्वती तिथं वीसेक वर्षं राहिले. जन्म विदर्भातल्या कारंज्याचा, संन्यास काशीला, मग औदुंबर, नरसोबाची वाडी आणि शेवटी आमचं गाणगापूर. वाडीला मनोहर पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. त्या काळचा संन्याशाचा मठ आज गावाचं देऊळ आहे, आणि निम्म्या महाराष्ट्राचंही आहे. त्या निम्म्या महाराष्ट्रात आमचे झाडून सगळे नातेवाईक मोडतात.

फोन नेहमी ‘सहज’ येतो.

“अरे, सहज केला. बरे आहात ना सगळे? ऊन फार आहे का रे तिकडे?”

उन्हाची चौकशी झाली, की बायको स्वयंपाकघरातूनच विचारते, “किती जण?”

२०१४ साली सरकारनं गुलबर्ग्याचं कलबुर्गी केलं, तेव्हा मला क्षणभर आशा वाटली होती. वाटलं, आता काही जण तरी चुकतील. कुणी चुकलं नाही. टपाल अधूनमधून चुकतं. नातेवाईक अजून गुलबर्ग्याला म्हणून निघतात आणि बरोबर आमच्या दारात उतरतात.

यातले स्वाभिमानी लोक आम्हाला त्रास नको म्हणून परस्पर जायचं ठरवतात. त्यांचा त्रास जास्त. सोलापूरहून कलबुर्गीकडे येताना ‘गाणगापूर रोड’ नावाचं स्टेशन लागतं. पाटी वाचली की हे लोक बॅगा, पाण्याचा कॅन आणि आजीसकट भराभर उतरतात. गाडी निघून जाते. मग आमचा फोन वाजतो.

“अरे, आम्ही गाणगापूरला पोचलो. पण मठ कुठं दिसेना.”

“आत्या, ते गाणगापूर रोड. गाव तिथून वीसेक किलोमीटर आहे.”

“मग पाटीवर गाणगापूर कशाला लिहिलंय?”

“पुढं रोडही लिहिलंय ना.”

“रोड दिसतोय रे आम्हाला. गाव कुठंय?”

श्रीनृसिंहसरस्वतींच्या गुरुचरित्रात भास्कर नावाच्या गरीब ब्राह्मणाची गोष्ट आहे. तो तिघांपुरता शिधा बांधून मठात आला आणि गुरुकृपेनं तेवढ्यात चार हजार माणसं जेवून उठली. आमच्या घरी हा अध्याय वरचेवर घडतो. शिधा तिघांपुरताच असतो. माणसं येतात. मधला कृपेचा भाग तेवढा बायकोला हातानं थापावा लागतो. दुधाचंही तेच. त्याच पोथीत एका गरिबाघरची वांझ म्हैस गुरूंच्या शब्दासरशी भांडंभर दूध देते. आमचा दूधवाला संध्याकाळी सातनंतर फोनसुद्धा उचलत नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मला बरोबरही जावं लागतं.

“तू इथलाच. तुला सगळं माहीत असणार.”

इथल्या माणसाला इथलं सगळं माहीत असतं, हा गैरसमज पाहुण्यांनी आणला आणि मी तो जोपासला. कुणी मठाबद्दल अवघड काही विचारलं, की मी दोन्ही हात पाठीमागे बांधतो, खांबांकडे एकवार बघतो आणि “खूप जुनं आहे” असं हळू आवाजात सांगतो. आवाज हळू असला की लोक पुढचं विचारत नाहीत. इंग्लंडहून आलेल्या एका भाच्यानं मात्र विचारलं. त्याच्या घराजवळ ट्यूक्सबरी नावाचं गाव आहे. तिथल्या बाराव्या शतकातल्या मठातून आठव्या हेन्री राजानं १५४० साली संन्याशांना बाहेर काढलं. इमारत पाडायची वेळ आली तेव्हा गावकरी पुढं झाले. हे तर आमच्या गावाचं देऊळ, असं म्हणून त्यांनी राजाला ४५३ पौंड मोजले आणि ती इमारत राखली. आजही गाव तिथं प्रार्थनेला जमतं. ही माहिती त्याला तोंडपाठ होती. आमच्या आत्यानं ती कौतुकानं ऐकली.

“गर्दी असते का रे?”

“नाही. सगळे शांत बसतात. कुणी ढकलत नाही.”

“अगंबाई! मग दर्शन झालं हे कळतं कसं?”

राजे म्हणाल तर आमच्या मठातही येऊन गेलेत. बीदरच्या सुलतानाच्या मांडीला फोड आला. हकीम-वैद्य हरले. शेवटी तो लवाजमा घेऊन गाणगापूरला आला. गुरूंनी बघताक्षणी त्याला ओळखलं. हा तर गेल्या जन्मीचा धोबी! सुलतानालाही मागचा जन्म आठवला आणि फोड नाहीसा झाला. बहमनी घराण्यातला दुसरा अलाउद्दीन अहमदशहा तो हाच असावा, असं जाणकार म्हणतात. गोष्ट सुंदर आहे, पण हल्ली मी ती पाहुण्यांना सांगत नाही. सांगितली की लगेच पुढचा प्रश्न येतो, “बीदर इथून किती लांब?”

बीदर इथून शंभर किलोमीटरच्या वर आहे. पण पाहुण्याला अंतर सांगून उपयोग नसतो. “एवढं आलोय तर” हे तीन शब्द त्याच्याजवळ असतात. एवढं आलोय तर बीदरला जायचं. बीदरला गेलोय तर झरणी नृसिंह करायचा. तिथं डोंगराच्या पोटात बोगदा आहे. छातीएवढ्या पाण्यातून चालत जावं लागतं, वर वटवाघळं लोंबत असतात, आणि शेवटी भिंतीत देव. छातीएवढं म्हणजे साधारण माणसाच्या छातीएवढं. आमच्या आत्याचे यजमान उंचीनं बेताचे. देवापर्यंत ते तोंड वर करून, नाकानं श्वास मोजत आणि मोबाइल डोक्यावर धरून आले. देवासमोर पोचल्यावर नमस्काराला दोन्ही हात लागतात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नमस्कार केला. मोबाइलनंही केला, पण तो परत वर आला नाही.

“देवाला हवा होता,” आत्या म्हणाली.

“त्यात सगळे फोटो होते!”

“म्हणूनच हवा असेल.”

तर गाणगापूर. तिथला दिवस संगमावर सुरू होतो. गावापासून संगम तीनेक किलोमीटर. रिक्षात बसल्या बसल्या मामांना कन्नड बोलायची हुक्की येते. पुस्तकातून शिकलेलं कन्नड ते महिनाभर घरी बोलून आलेले असतात आणि ते ऐकायला घरात कुणी नसतं. फुलवालीसमोर उभं राहून त्यांनी घसा साफ केला, पुस्तकातलं वाक्य जुळवलं आणि भाव विचारला. तिनं वाक्य संपेपर्यंत वाट पाहिली.

“वीस रुपये, काका. मराठीतच विचारा, मागं लाइन लागलीय.”

मामा खट्टू झाले. त्यांना मी धीर दिला. गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर मूळचे कन्नड बोलणारे. आपल्याला मराठी येत नाही म्हणत म्हणत त्यांनी पन्नासाहून अधिक अध्यायांचा मराठी ग्रंथ रचला. इकडं भाषा अशाच येतात.

“मग मी पण लिहीन,” मामा म्हणाले. धीर जरा जास्त झाला होता.

संगमाचं स्नान उन्हाळ्यात चमत्कारिक असतं. पाणी घोट्याला आणि पुण्य पुरं. लोक तांब्या घेऊन नदीत बसतात आणि नदी अंगावर ओतून घेतात. “डुबकी मारलीच पाहिजे,” असा हट्ट धरणाऱ्या मामांनी डुबकी मारली. त्यांचं नाक पाण्यात गेलं, बाकीचे मामा कोरडे राहिले. मग त्यांना वळवून पाठीकडून भिजवलं.

तिथंच जवळ भस्माची टेकडी आहे. पूर्वीच्या यज्ञांचं भस्म साचून ती झाली, अशी श्रद्धा. चिमूटभर भस्म कपाळाला लावावं, एवढंच शास्त्र. पण आमच्या आत्यानं येताना सुपारीची पिशवी, इडलीच्या पिठाची पिशवी आणि आणखी एक “असू दे” पिशवी आणलेली असते.

“आत्या, इतकं कशाला?”

“शेजारणीला, तिच्या सुनेला, वरच्या मजल्यावरच्यांना. शिवाय संपलं तर?”

पिढ्यान्‌पिढ्या लोक हे भस्म पिशव्यांनी नेत आलेत आणि टेकडी अजून आहे. याहून मोठा चमत्कार मी पाहिलेला नाही.

मग मठ. मठात रांग. रांगेत उभा राहिल्यावर मराठी माणसाला पहिली शंका येते ती शेजारची रांग लवकर सरकतेय ही. आपण त्या रांगेत गेलो की ही सरकते. हा नियम देवालाही मोडता आलेला नाही. रांगेत ओळखी निघतात. तासगावच्या बाई मिरजेच्या बाईंना दुधी हलव्याची कृती सांगतात. ती खव्यापर्यंत आली की झरोका येतो.

गाभाऱ्यात सरळ शिरता येत नाही. छोट्या झरोक्यातून आतल्या निर्गुण पादुका पाहायच्या. त्यांना पाण्याचं स्नान घालत नाहीत, केशर-अष्टगंधाचा लेप देतात. हे सगळं झरोक्यातून पाहायला जो वेळ मिळतो, त्यात डोळे अंधाराला सरावत नाहीत. चष्मेवाल्यांची तर दैना. चष्मा लावावा तर घामानं काच धुकटते, काढावा तर काहीच दिसत नाही. आमचे मामा काच पुसून होईतो पुढं ढकलले गेले.

“दिसलं का?” मी विचारलं.

“काहीतरी पिवळं दिसलं.”

“तेच.”

“खरंच तेच?” मामांचे डोळे भरून आले. इथं मात्र मी थट्टा केली नाही. मलाही त्याहून जास्त कधी दिसलेलं नाही.

आता बारा वाजत येतात, आणि गाणगापूर बदलतं.

सुलतान येऊन गेल्यावर गुरूंचा बोलबाला झाला. आता बरेवाईट सगळेच येऊ लागतील म्हणून त्यांनी श्रीशैलाकडं प्रयाण केलं, असं पोथी सांगते. थोडक्यात, गर्दी नको म्हणून महाराज गेले. गर्दी अजून इथंच आहे. मात्र जाताना त्यांनी भक्तांना शब्द दिला की मी गुप्तपणे गाणगापुरातच राहीन. सकाळी संगमावर स्नान, दुपारी गावात भिक्षा, मग मठ. म्हणून दुपारी बारा वाजता दत्त महाराज गावात मधुकरी मागत फिरतात, आणि कुठल्या रूपात ते कुणालाच ठाऊक नसतं. भिकाऱ्याच्या, म्हातारीच्या, पोराच्या, कुत्र्याच्यासुद्धा. म्हणून या वेळी कुणाला नाही म्हणायचं नाही. आणि भक्तानंही झोळी घेऊन निदान पाच घरं मागायची, मिळेल ते प्रसाद म्हणून खायचं.

परिणामी बारा वाजता गावात देणारे आणि मागणारे असे दोन गट राहत नाहीत. सगळेच देतात आणि सगळेच मागतात.

आत्याचे यजमान मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांनी हुकूम सोडून काही दिलं नाही आणि रजा सोडून काही मागितलं नाही. पहिल्या घरापुढं ते झोळी परीक्षेतल्या चिठ्ठीसारखी पाठीमागं लपवून उभे राहिले. आतली बाई बाहेर आली. हे बोलेनात. ती बोलेना.

“काय पाहिजे?” तिनं विचारलं.

“सहज आलो होतो,” ते म्हणाले.

शेवटी आत्यानं मागून कोपर मारलं आणि त्यांच्या तोंडातून “ओम भवति भिक्षां देहि” असं एका दमात, कार्यालयातल्या आवाजात बाहेर पडलं. बाई दचकली, पण भाकरी दिली. त्यानंतर मात्र हे गृहस्थ जे सुटले ते आवरेनात. पाचाच्या पुढंही घरं घेऊ लागले. “त्या निळ्या दाराकडं पुरणपोळी देतायत,” अशी बातमीही त्यांनीच आणली.

खरं म्हणजे मधुकरीत चव बघायची नसते. जे पडेल ते एकत्र कालवून खायचं, जिभेला जिंकायचं. पण मी इथला. पाच घरं कुठली घ्यायची हे माझ्या बाबतीत भक्तीवर ठरत नाही, शेंगाचटणीवर ठरतं. कडक भाकरी कुणाकडं, लसूण कुणाकडं जास्त, हे मला पाठ आहे. पाहुण्यांना मी त्याच क्रमानं नेतो आणि त्यांना वाटतं यात काही परंपरा आहे. एका दारातल्या आजी मला बघून हल्ली झोळीकडं न बघताच विचारतात, “पुन्हा पाव्हणे आले व्हय?”

एका बोळात तर कोंडी झाली. समोरून आलेल्या एका काकूंना वाटलं, आमचे मामाच दत्त असावेत. दाढी वाढलेली, अंगभर भस्म, कपडे ओले. त्यांनी मामांच्या झोळीत पोळी घातली आणि वाकल्या. मामांना वाटलं, आपल्याला न मागता देणारी ही कोण? ही तर अनसूयामाता! तेही वाकले. दोघंही वाकलेले. आधी उठेल त्याची श्रद्धा कमी, असं होऊन बसलं. मागं बोळात रहदारी तुंबली. तेवढ्यात एका अनोळखी माणसानं माझेही पाय धरले. मी नको म्हटलं नाही. बारा वाजता कुणाचं मन कशाला मोडा?

आणि कुत्री! दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, ते चार वेद. म्हणून गाणगापूरचं कुत्रं दुपारी बारा वाजता नुसतं कुत्रं नसतं. आत्याचे यजमान त्यांच्या सोसायटीत भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्त समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी मठापुढच्या एका लंगड्या कुत्र्याला पुरणपोळी दोन्ही हातांनी दिली. वर “या, या, सावकाश” म्हणाले. कुत्र्यानं पोळी हुंगली, तोंड फिरवलं आणि शेजारच्याच्या भाकरीकडं गेलं. यजमानांचा चेहरा पडला.

“माझ्याकडून काही कमी पडलं का हो?” त्यांनी मला विचारलं. घरी आत्याला त्यांनी हा प्रश्न कधी विचारल्याचं आमच्या खानदानात कुणाला आठवत नाही.

त्या तासाभरात मी या माणसांना काय काय करताना पाहिलं! एरवी दारात कुणी आलं की न बघता “पुढं जा” म्हणणारी आत्या एका मळक्या म्हातारीला हात धरून सावलीत बसवत होती. कायम घाईत असणारे मामा एका पोराची गोष्ट शेवटपर्यंत ऐकत होते. गोष्ट त्याच्या तुटलेल्या चपलेची होती. कुणी कुणावर खेकसत नव्हतं. न जाणो, खेकसायचो आणि नेमके तेच निघायचे! उन्हानं पाय भाजत होते, तरी लोक एकमेकांना “आधी तुम्ही” म्हणत होते.

मग एक वाजला.

एक वाजता दत्त महाराज मठात परत गेले असावेत, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं. ज्या रिक्षावाल्याला सकाळी ‘दादा’ म्हटलं होतं, त्याच्याशी दहा रुपयांवरून जुंपली. “लुटायलाच बसलेत!” मघाचं लंगडं कुत्रं ओळख ठेवून गाडीपाशी आलं, तर अध्यक्षांनी “हाड!” केलं. खिडकीच्या जागेवरून आत्या आणि मामींचं वाजलं. तोच तुटक्या चपलेचा पोरगा काचेवर टकटक करत होता. मामा घड्याळ बघून म्हणाले, “चला, उशीर होतोय.”

परतीच्या वाटेवर गाडीत भाविक वातावरण होतं.

“इथं आलं की मन कसं शुद्ध होतं,” आत्या म्हणाली.

“पण काका,” इंग्लंडचा भाचा मला म्हणाला, “ते नक्की बारा ते एकच येतात, हे कुणी पाहिलंय? सव्वादोनला आले तर?”

गाडीत कुणी बोललं नाही. अध्यक्षांनी काच खाली करून मागं पाहिलं, पण गाणगापूर केव्हाच मागं पडलं होतं. वाटेत चहाला थांबलो तेव्हा त्यांनी पोऱ्याला चक्क “बाळ” अशी हाक मारली आणि उरलेले पैसे परत घेतले नाहीत. हा परिणाम कलबुर्गीपर्यंत टिकला. आमच्या घरी जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःचं ताटही उचललं. बायको भिंतीला टेकून उभी राहिली.

तेव्हा गाणगापूरला जरूर या. पौर्णिमा टाळा, रांग निम्मी होते. गाणगापूर रोडला उतरलात तर तिथून वाहन ठरवावं लागतं, हे ध्यानात ठेवा. भस्माला एक पिशवी पुरे. झरोक्यापाशी चष्मा आधीच पुसून ठेवा. दुपारी बाराला झोळी पुढं धरा, पाठीमागं नको. आणि कृपा करून घड्याळात एक वाजला म्हणून लगेच माणसात येऊ नका. दत्त महाराज वेळेचे इतके पक्के असतील याची खात्री आजवर कुणीही दिलेली नाही.